मंडळीत राहून ‘मला हे पटत नाही’ म्हणायची सोय आहे का?

मागचा बाक
आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक सभेत एका तरुण सभासदाने विचारलं, की वडील (मंडळीचा कारभार पाहणारे) म्हणून निवडणुकीला स्त्रिया का उभ्या राहू शकत नाहीत. उत्तर मिळालं नाही. समज मिळाली: असले प्रश्न सभेत काढायचे नसतात. थोड्याच दिवसांत गायनमंडळाच्या यादीतून त्याचं नाव गेलं. कारण कुणी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

स्त्री वडिलांचा वाद इथे घालायचा नाही. तो स्वतंत्र धागा होईल. माझा प्रश्न एवढाच की मत वेगळं असणं म्हणजे मंडळीच्या विरोधात असणं, असं आपण कधीपासून धरून चाललो? ख्रिस्ताने आपल्याला स्वातंत्र्याकरता मुक्त केलं, असं प्रेषित पौल गलतीकरांना लिहितो. त्याच पत्रात, अंत्युखियात आपण पेत्राला तोंडावर विरोध केला, हेही सांगतो. पेत्राला, येशूच्या प्रमुख शिष्याला! आणि तो मजकूर कुणी खोडला नाही, शास्त्र म्हणून आपण आजही वाचतो. ज्यांच्या शास्त्रातच मतभेदाची अशी नोंद आहे त्यांनी प्रश्न विचारणाऱ्याला फुटीर ठरवावं?

जुना सभासद
त्या मुलाशी जे वागले ते चुकीचंच. पण तेवढ्यावरून लगेच स्वातंत्र्याचा झेंडा कशाला? त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायातलं तेरावं वचनही वाचा. स्वातंत्र्य मिळालंय ते प्रीतीने एकमेकांची सेवा करायला.

मूर्तींना वाहिलेल्या मांसाबद्दल पौल करिंथकरांना जे सांगतो ते तर याहून अवघड आहे. ते मांस खाण्यात त्याला स्वतःला काही गैर वाटत नाही. तरी दुर्बळ भाऊ अडखळणार असेल तर मी मांस कधीच खाणार नाही, असं तो म्हणतो. म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर असलं तरी तेवढ्याने भागत नाही. हल्ली हे कुणाला झेपतं? प्रवचन आवडलं नाही की लोक सिमकार्ड बदलावं तशी मंडळी बदलतात आणि त्याला विवेकबुद्धी म्हणतात. बाप्तिस्मा काही आपला आपण घेता येत नाही. तो देणारी मंडळी आपल्या आधीपासून तिथे असावी लागते.

पानटीप
जुना सभासद, आपला आपण बाप्तिस्मा घेणारा माणूस होऊन गेलाय. जॉन स्मिथ, हॉलंडमध्ये, १६०९ साली. बाप्तिस्मा द्यायच्या अधिकाराची एकही मंडळी त्याला दिसेना, म्हणून त्याने स्वतःलाच दिला. पुढे त्यालाच ते चूक वाटलं आणि तो प्रौढांनाच बाप्तिस्मा देणाऱ्या मेनोनाइट पंथाकडे गेला. म्हणजे उदाहरण शेवटी तुमच्याच कामी येतंय. असो.

मला बेंजामिन ले आठवतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला क्वेकर, म्हणजे त्या नावाच्या ख्रिस्ती पंथातला. गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांविरुद्ध तो उघड बोलायचा. १७३८ सालच्या वार्षिक सभेला तो एक पोकळ केलेलं पुस्तक घेऊन गेला, आत लाल रसाने भरलेली पिशवी. भर सभेत त्याने त्यात तलवार खुपसली आणि तो ‘रक्ता’चा सडा समोरच्या गुलाममालकांवर उडाला. त्याला उचलून बाहेर काढलं आणि मंडळीने त्याचं सभासदत्व नाकारलं. मंडळीची एकी त्या दिवशी शाबूत राहिली, पण कशाभोवती? गुलामगिरीभोवती. एकीसाठी गप्प बसा म्हणणाऱ्यांनी हे साल विसरू नये.

जुना सभासद
गोष्ट अर्धीच सांगितलीत. फिलाडेल्फियाच्या त्याच वार्षिक सभेने १७५८ साली गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना मंडळीच्या कारभारातून दूर ठेवायचं ठरवलं. आणि १७७६ साली, जो गुलाम मुक्त करणार नाही त्याला मंडळीतून काढायचं ठरलं. हत्यार तेच, बहिष्काराचं! ‘माझी विवेकबुद्धी मला गुलाम ठेवू देते’ म्हणणाऱ्यालाही तुमच्या न्यायाने स्वातंत्र्य द्यायला हवं होतं की.

आणि हा बदल नुसत्या लेच्या तलवारीने झाला नाही. जॉन वुलमन नावाचा सभासद मंडळीतच राहिला, गुलाम ठेवणाऱ्या क्वेकरांच्या घरी जाऊन बसला, वर्षानुवर्षं बोलत राहिला. मला तो माणूस जास्त ख्रिस्ती वाटतो.

अनामिका
वुलमन सगळ्यांनाच आवडतो, कारण तो हळू बोलायचा. ले आधी ओरडला नसता तर वुलमनचं किती जणांनी ऐकून घेतलं असतं, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

शिस्तीबद्दल बोलायचं तर मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातली पद्धत घ्या. चुकलेल्या भावाशी आधी एकट्याने एकांतात जाऊन बोला, मग एक-दोघांना बरोबर न्या, मग मंडळीला सांगा. माझ्या बहिणीने नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा पहिल्या दोन पायऱ्या कुणी चढलंच नाही. बुधवारच्या प्रार्थनासभेत ‘आपल्या एका भगिनीच्या कुटुंबासाठी विशेष प्रार्थना करू या’ असं सांगण्यात आलं. नाव घेतलं नाही, पण घ्यायची गरजच नव्हती. चुगलीला प्रार्थनेचा विषय म्हणायची ही कला ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. ती का निघून आली हे विचारायला मात्र कुणी आलं नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपल्या लोकांना द्यायला लागू नये. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि दोनच वर्षांत तिथल्या जोगीण सिस्टर जेराल्डीनना पत्रातून बजावलं, की एका पुरोहितवर्गाचं जोखड नुकतंच फेकलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. म्हणून त्यांनी ख्रिस्त सोडला का?

जुना सभासद
अनामिकाताई, तुमच्या बहिणीबाबत जे घडलं त्याला मी शिस्त म्हणणार नाही. पण रमाबाईंनी पुढे मुक्ती मिशन ही स्त्रियांसाठीची संस्था उभी केली ती एकटीच्या खोलीत बसून नव्हे. शेकडो जणींची रोजची प्रार्थना, कामं, नियम, सगळं तिथे होतं.

पानटीप
यात एक गंमत आहे. १५२५ साली झुरिकमध्ये ज्यांनी स्वतःच्या निर्णयाने प्रौढपणी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्याच पंथाने (अ‍ॅनाबॅप्टिस्ट) १५२७ साली स्वित्झर्लंडमधल्या श्लाइटहाइमला सात कलमं ठरवली. पहिलं कलम बाप्तिस्म्याचं, दुसरं बहिष्काराचं. आत यायचं ते स्वतःच्या मर्जीने, म्हणून आत आल्यावर नियम कडक. जन्माने सभासद झालेल्यांना हा हिशेब लावावा का, याचा मात्र आपण विचारच करत नाही. आपल्यातले बहुतेक तसेच आहेत.

मागचा बाक
हे पटलं. माझ्या मंडळीपुरतं मी दोन गोष्टी मागेन. सभेत विरोधी मत मांडलं गेलं तर ते नावासकट इतिवृत्तात लिहायचं, ‘चर्चा झाली’ एवढ्यावर गुंडाळायचं नाही. आणि मतभेदामुळे कुणाचं प्रभुभोजन किंवा सेवा काढून घ्यायची नाही.

जुना सभासद
पहिली मान्य. इतिवृत्त मीच लिहितो, पुढच्या सभेपासून लिहीन. दुसरीत प्रभुभोजनापुरतं मान्य. सेवेचं तसं नाही. मंडळीच्या विश्वासकथनातलंच एखादं कलम न मानणारा माणूस रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायला बसला, तर मी हरकत घेणार.

अनामिका
घ्या ना. पण त्याला आधी एकांतात भेटून.