एआयला नावं ठेवणारे खानदेशी

चोपडेकर (सध्या हिंजवडी): परवा गावी गेलो तर पारावर सगळ्यांचा एकच सूर, एआय येणार नि वाटोळं करणार. वापरलंय का कोणी? केळीच्या पानाचा फोटो टाका, रोग सांगतं. राज्याने २०२५ ला महाकृषी-एआय धोरण आणलं, ५०० कोटींचं, बारामतीकडे ऊसवाले सेन्सर नि उपग्रह बघून पाणी देतायत आणि आपण अजून "मशीनला काय कळतं" यातच. असंच मागे राहणार आपण.

यावलचा केळीवाला: दादा, तुझी पोस्ट वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितोय, लांबेल. टाकला होता फोटो. पावसाळ्यात कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे आले, ॲप म्हणालं करपा, बुरशीनाशक मारा, मारलं. शेजारचे नाना बांधावरूनच ओरडले, अरे करपा कुठला, सीएमव्ही आहे हा, काकडीवरचा व्हायरस, माव्याने पसरतो, उपट नि गाड, मावा बघ आधी, आणि बांधाकडची ती काकडी काढ. व्हायरसला बुरशीनाशक काय करणार? तोवर पुढच्या ओळींत गेला होता. पण हे सोड, विम्याचं ऐक. बाग उभी, घड लटकलेले, सातबाऱ्यावर केळीची नोंद, आणि कंपनी म्हणते उपग्रहाच्या फोटोत तुमच्या गटात केळी दिसत नाही, क्लेम नामंजूर. तालुक्याला गेलो, म्हणे जिल्ह्याला जा. जिल्ह्याला म्हणे कंपनीला मेल करा. मेलला उत्तर आलं तेही मशीनचंच. ते चुकलं तर गचांडी कोणाची धरायची, तेवढं सांग.

चोपडेकर (सध्या हिंजवडी): ते सॅटेलाइट मॅपिंग, चॅटबॉट वेगळा, सगळं एकात कालवू नका. आणि तलाठी चुकत नव्हते का?

यावलचा केळीवाला: चुकायचे की. पण तलाठ्याच्या दारात जाऊन बसता येतं.

भुसावळचे मास्तर: नेदरलँड्समध्ये हेच झालं. पाळणाघराच्या सरकारी भत्त्यात लबाडी कोण करतं ते शोधायला संगणक बसवला, त्याने परकीय नागरिकत्व असलेल्यांवर जास्त संशय घेतला, हजारो कुटुंबं कर्जात बुडाली, २०२१ ला सरकारने राजीनामा दिला. इकडे काय, मेल करा. बाकी माझं दुखणं वेगळंच आहे, 'माझी शाळा' निबंध तपासायला घेतला तर प्रत्येक वहीत शाळेला तलाव नि गुलाबाची बाग. आमच्या शाळेला कंपाउंड नाही हो!

धडगावची सिस्टर: तुम्हा सगळ्यांना डॉक्टर जवळ आहे म्हणून हे सुचतं. इकडे सातपुड्यात एक्स-रे वाचायला रेडिओलॉजिस्ट कुठून आणू? टीबी शोधायला हातात धरायचं एक्स-रे मशीन पाड्यावर नेतो, एआय तिथल्या तिथे सांगतं याची थुंकी पाठवा. १५ वर्षांवरच्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२१ ला हे चालेल म्हटलंय. एक आजोबा आले, ना खोकला ना ताप, नुसते वाळलेले. नुसता खोकला-ताप विचारला असता तर कोणीही त्यांना घरी पाठवलं असतं. मशीनने खूण केली, थुंकीत टीबी निघाला. खोट्या खुणाही येतात, म्हणून तर थुंकी तपासतो. गोळ्या मशीन देत नाही.

यावलचा केळीवाला: ताई, तुमच्याकडे मशीननंतर थुंकी आहे. माझ्याकडे मशीननंतर थेट नामंजूर. बाकी तुमच्या कामाला हात जोडले.

चोपडेकर (सध्या हिंजवडी): बरं बाबा, विम्यात माणसाने जागेवर येऊन बघायला हवं, मान्य, झालं समाधान? पण उद्याच्या भावाचा अंदाज आधीच मिळाला तर व्यापारी फसवू शकेल का?

रावेर रोड: भाव!! आता काढलाच आहे विषय तर ऐक. बऱ्हाणपूरला केळीच्या लिलावात एक भाव निघतो, त्याच दिवशी व्यापारी आमच्या बांधावर त्याच्याहून कमी देतो, वर म्हणतो माल हलका. कोणत्या एआयने हे थांबवलं?

भुसावळचे मास्तर: विषय एआयचा होता.

रावेर रोड: मास्तर, तुमची पेन्शन बऱ्हाणपूरच्या भावाने येत नाही ना, मग बसा गप.

चोपडेकर (सध्या हिंजवडी): मग न्या ना माल बऱ्हाणपूरला.

रावेर रोड: भाडं तू देतो? कापणीची टोळी व्यापाऱ्याची, गाडी व्यापाऱ्याची, आणि तयार घड झाडावर ठेवायचा किती? ॲप म्हणेल चार दिवसांनी भाव चढतोय, मग घडाला पण सांग म्हणावं थांब म्हणून. एसीत बसून शेती शिकवू नको भो.

चोपडेकर (सध्या हिंजवडी): एसी काढायचा नाही! माझ्या बापाची बागही वादळात आडवी झाली होती. त्यांचा पण क्लेम अडकला, तक्रार अर्ज मी एआयकडून लिहून घेतला, नियम-कलमं सगळं टाकून, आणि पैसे आले खात्यात.

यावलचा केळीवाला: आले? मग एवढा वेळ हे का नाही बोलला! गट नंबर पाठवतो, माझा पण लिही. आणि पोहोच घ्यायला जिल्ह्याला तूच जा, तू शिकलेला, तुला खुर्ची तरी देतील.

भुसावळचे मास्तर: लिहून झालं की अर्ज मला दाखवा. शेतात तलाव नि गुलाब आले तर काढून टाकतो.

रावेर रोड: अर्ज होत राहतील. आज बऱ्हाणपूरला काय निघाला ते सांगा कोणीतरी, उद्या कापणी आहे.