चर्चा: रोमन लग्न मोडलं की हुंडा परत जायचा. मग गेममध्ये घटस्फोट इतका स्वस्त का?

तटबंदी

इ.स.पू. 47 चा उन्हाळा. फार्सालसच्या लढाईत सीझरकडून पॉम्पीचा पराभव झालाय आणि पॉम्पीच्या बाजूने राहिलेला राजकारणी, वक्ता सिसेरो ब्रुंडिसियम बंदरात सीझरच्या माफीची वाट बघत बसलाय. मुलगी तुलिया हिचा तिसरा नवरा डोलाबेला तिच्याशी नीट वागत नाही. लग्न मोडायला हवं हे बापाला दिसतंय. पण डोलाबेला सीझरचा माणूस आहे, शिवाय त्या वर्षी ट्रिब्यून (लोकांनी निवडलेला अधिकारी) आहे आणि रोममध्ये कर्जमाफीचं आंदोलन चालवतोय. त्यात तुलियाच्या हुंड्याचा तिसरा हप्ता अजून द्यायचा आहे. हप्ता भरायचा की सरळ घटस्फोटाची नोटीस धाडायची, हा प्रश्न सिसेरो मित्र अॅटिकसला पत्रांतून विचारत राहतो.

स्ट्रॅटेजी गेममध्ये मला हा पेच कधीच भेटत नाही, म्हणून हा धागा. 'रोम: टोटल वॉर' (2004) मध्ये मुलगी वयात आली की एक स्थळ सांगून येतं. पसंत असेल तर हो म्हणायचं, जावई सेनापती होऊन घरात दाखल. नको असेल तर नकार द्यायचा आणि पुढच्या स्थळाची वाट बघायची. एकदा झालेलं लग्न मोडायची सोयच नाही. 'क्रुसेडर किंग्ज 3' मध्ये घटस्फोट आहे, पण तो धर्माचा प्रश्न म्हणून. कॅथलिक राजाला पोपची मंजुरी लागते, लग्नावर उभी असलेली युती जाते, बायको नाराज होते. बायकोच्या माहेरून आलेल्या पैशाचं काय, हे कोणी विचारतच नाही.

रोमन लग्नात खरी पकड त्या पैशाची होती. प्रजासत्ताकाच्या शेवटच्या काळात बहुतेक बायका लग्नानंतरही बापाच्याच अधिकारात राहत, आणि घटस्फोटाला कोर्ट लागत नसे, पुजारीही लागत नसे. 'तुझं तू सामान उचल' एवढा निरोप पुरे. पण हुंडा परत करावा लागे. जमीन लगेच, रोख रक्कम तीन वार्षिक हप्त्यांत. दोष बायकोकडचा असेल तर नवरा दर मुलामागे एक षष्ठांश ठेवून घेऊ शके, जास्तीत जास्त निम्मा. व्यभिचार असेल तर आणखी एक षष्ठांश, किरकोळ दोषाला एक अष्टमांश. (हे आकडे पुढच्या काळातल्या कायदेग्रंथांतले आहेत.)

टर्न-बेस्ड गेमला याहून चांगली व्यवस्था कुठून मिळणार? सहा महिन्यांची एक टर्न धरली तर सहा टर्न तुमच्या तिजोरीवर बोजा. लग्न करतानाच मनात यायला हवं की हे मोडलं तर पैसे कुठून आणू. माझं म्हणणं एवढंच: रोमवरच्या गेममध्ये लग्न हे परत करायच्या ठेवीसारखं दाखवलं पाहिजे, तह म्हणून नव्हे.

दुपारचा_चहा

पूर्ण असहमत. सिसेरो हा तुम्ही सोयीचा नमुना निवडलात. तो कायम पैशाच्या ओढाताणीत असलेला माणूस. गेममध्ये आपण त्याच्या जागी नसतो, सीझर, पॉम्पी, ऑक्टेवियन यांच्या जागी असतो, आणि त्यांची लग्नं हुंड्यावर अडलेली मला तरी दिसत नाहीत.

ऑक्टेवियनच बघा. इ.स.पू. 43 मध्ये अँटनीची सावत्र मुलगी क्लोडिया, दोनेक वर्षांत तिला आईकडे परत पाठवली. मग स्क्रिबोनिया, आणि मुलगी ज्युलिया जन्मली त्याच दिवशी तिच्याशी घटस्फोट. लगेच इ.स.पू. 38 मध्ये लिव्हिया, तीही पहिल्या नवऱ्यापासून गरोदर असताना. यात हुंड्याचा हप्ता कुठे आडवा आला? आड आलं ते राजकारण. क्लोडियाला परत पाठवलं कारण तिच्या आईशी, फुल्वियाशी, युद्ध जुंपत होतं. स्क्रिबोनिया आणली ती पॉम्पीचा मुलगा सेक्स्टस याला जवळ करायला, आणि तो हिशेब बिनसला तशी ती गेली.

उलट टोकाचं उदाहरण ज्युलियाचं, म्हणजे सीझरच्या मुलीचं. पॉम्पीशी तिचं लग्न इ.स.पू. 59 मध्ये झालं आणि 54 मध्ये बाळंतपणात ती गेली. पाच वर्षं टिकलेली युती मृत्यूने सैल झाली. त्यानंतर सीझरने पॉम्पीपुढे जो प्रस्ताव ठेवला तो वाचण्यासारखा आहे: माझ्या बहिणीची नात ऑक्टेव्हिया तू कर, तुझी मुलगी मी करतो. ऑक्टेव्हियाचं लग्न झालेलं होतं आणि पॉम्पीची मुलगी दुसऱ्याला ठरलेली होती. म्हणजे दोन लग्नं जुळवायला आधीची नाती तोडायची तयारी. पॉम्पीने नाही म्हटलं आणि कॉर्नेलिया मेटेला केली.

गेमने दाखवायचं ते हे: प्रस्ताव, नकार, आणि नकाराचे अर्थ. हप्त्यांचा तक्ता आणलात तर खेळणारा मुनीम होईल.

तटबंदी

@दुपारचा_चहा, ऑक्टेवियनचं ठीक आहे, पण तुमच्या यादीत सीझरचं पहिलं मोठं प्रकरण राहिलं. इ.स.पू. 82 च्या सुमारास हुकूमशहा सुल्लाने त्याला सांगितलं, बायकोला, कॉर्नेलियाला (ही वेगळी कॉर्नेलिया), सोड. हा पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा. त्याने नकार दिला, तर सुल्लाने त्याचं पुजारीपद काढून घेतलं आणि बायकोचा हुंडाही जप्त केला. त्याच सुमारास पॉम्पीला तोच आदेश झाला तेव्हा त्याने मुकाट्याने बायको अँटिस्टियाला सोडलं आणि सुल्लाची सावत्र मुलगी एमिलिया केली, तीही दुसऱ्याची बायको आणि गरोदर असताना.

एकाच हुकूमशहाचा एकच आदेश, दोन तरुणांची दोन उत्तरं. सीझरचं 'नाही' किती महाग पडलं हे आपल्याला कळतं कारण त्याने काय गमावलं याची नोंद आहे. गेममध्ये गमावण्यासारखं काही ठेवलंच नाही, तर 'नाही' म्हणण्याला वजन कुठलं?

वैनगंगा

वाचतेय आणि दोघांशीही असहमत आहे. तुम्ही दोघंही धरून चालला आहात की लग्न बाप किंवा नवरा खेळतो आणि बाई म्हणजे पत्ता.

सिसेरोवरून सुरुवात केलीत, तर त्याच घरातलं आधीचं प्रकरण घ्या. इ.स.पू. 50 मध्ये तो सिलिशिया प्रांताचा राज्यपाल होता. तुलियासाठी त्याच्या मनात टायबेरियस क्लॉडियस नीरो होता. निघताना त्याने घरच्यांना सांगून ठेवलं होतं की मी लांब असेन, माझ्यासाठी थांबू नका. बायको टेरेंशिया आणि तुलियाने डोलाबेला ठरवून टाकला, आणि नीरोचा निरोप सिसेरोपर्यंत पोचला तेव्हा वेळ गेलेली होती. नेमका त्याच वेळी डोलाबेला अॅपियस क्लॉडियस या बड्या सरदारावर खटला भरून बसला होता, आणि सिसेरो त्याच अॅपियसची मर्जी राखायला जिवाचं रान करत होता! आता ज्याची मर्जी राखायची त्याच्यावर आरोप करणाराच जावई. गेममधल्या कुठल्याही 'अलायन्स' बटणात हे येत नाही, कारण तिथे मुलीला मत नाही आणि आईला तर अस्तित्वच नाही. 'रोम: टोटल वॉर'मध्ये बाई वंशवृक्षातल्या चौकटीबाहेर पाऊल टाकत नाही.

दुसरं टोक लिव्हियाच्या मुलाचं, टायबेरियसचं. ऑगस्टसने (म्हणजे सम्राट झालेल्या ऑक्टेवियनने) त्याला बायको व्हिप्सानियाला सोडायला लावलं आणि इ.स.पू. 11 मध्ये स्वतःच्या मुलीशी, दोनदा विधवा झालेल्या ज्युलियाशी लग्न लावलं. स्युटोनियस सांगतो की नंतर एकदा व्हिप्सानिया समोर दिसली तर हा भरल्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत राहिला, म्हणून ती पुन्हा त्याच्या नजरेस पडू नये अशी व्यवस्था केली गेली. ज्युलियाचं लग्न पुढे पार विस्कटलं, इ.स.पू. 2 मध्ये बापाने तिला पँडेटेरिया बेटावर हद्दपार केलं. सम्राटाच्या हातात सगळे पत्ते असूनही डाव हरला, कारण पत्त्यांना मन होतं.

आणि हुंड्याला 'रिसोर्स' करायचं म्हणताय, तर जरा थांबा. 1961 चा कायदा असून आजही आपल्याकडे त्यापायी मुली मरतात. ज्या पोरांना रोमन व्यवस्था माहीत नाही त्यांच्या स्क्रीनवर 'डाउरी +500' दिसणार. मला हे नको वाटतं.

तटबंदी

@वैनगंगा, हुंड्याबद्दल तुमचा राग मला पटतो. म्हणूनच मी परतफेडीवर एवढा अडून बसलोय. रोमन हुंडा नवऱ्याने गिळायचा नव्हता. तो परत आला की तिचं दुसरं लग्न शक्य व्हायचं. '+500' दाखवणारा गेम वाईटच. '+500, पण फेडावे लागतील' हे दाखवणारा गेम ती रक्कम कोणाची आहे हे शिकवेल.

सातवाहन

चर्चा रोमवरच फिरतेय म्हणून थोडं पूर्वेकडचं. 'इम्परेटर: रोम' इ.स.पू. 304 ला सुरू होतो आणि त्यात मौर्य घेऊन खेळता येतं. चंद्रगुप्त आणि ग्रीक राजा सेल्युकस यांचा तह झाला तो याच काळात: 500 हत्ती आणि सोबत विवाहसंबंध. मौर्यांनाही रोमचेच नियम लावायचे का?

अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात कौटिल्य सांगतो की नवऱ्याची इच्छा नसेल तर केवळ त्याचा द्वेष करते म्हणून बायको सुटू शकत नाही, आणि बायकोची इच्छा नसेल तर नवराही नाही. परस्परांचा द्वेष असेल तर मोक्ष, म्हणजे लग्नातून सुटका. पण ब्राह्म वगैरे पहिल्या चार धर्म्य विवाहांना मोक्षच नाही. आणि पैशाचा नियम तर रोमच्या पार वेगळा: बायकोच्या अपराधामुळे नवऱ्याला सुटायचं असेल तर तिच्याकडून घेतलेलं त्याने परत द्यावं. नवऱ्याच्या अपराधामुळे तिला सुटायचं असेल तर देऊ नये. ज्याला सुटायचंय त्याने नुकसान सोसायचं, चूक कोणाची का असेना.

प्रत्येक संस्कृतीला असा स्वतःचा नियम दिला, तर मौर्य खेळणं आणि रोम खेळणं यांत खरा फरक पडेल. आत्ता फरक आहे तो हत्तींचा.

दुपारचा_चहा

@सातवाहन, अर्थशास्त्र आज आहे त्या रूपात मौर्यकाळातलं आहे का यावरच अभ्यासकांत वाद आहे. बरेच जण ते नंतरच्या शतकांतलं मानतात. शिवाय ते 'असं असावं' सांगतं. पाटलिपुत्रात खरोखर कोण कसं सुटलं याची सिसेरोसारखी पत्रं आपल्याकडे नाहीत. बॅबिलोनच्या हम्मुराबीच्या कायद्याचंही तसंच. मूल नसलेल्या बायकोला सोडायचं तर वधूमूल्य आणि माहेरून आलेलं सगळं परत, वधूमूल्य नसेल तर एक मिना (जुनं वजनाचं माप) चांदी. दगडावर कोरलंय. पाळलं किती जात होतं?

सातवाहन

आचरणाचा पुरावा असेल तरच नियम घ्यायचा म्हटलं तर प्राचीन काळावर गेमच निघणार नाही. 'इम्परेटर'मधला लोकसंख्येचा आकडा तरी कुठल्या जनगणनेतला आहे?

कीबोर्डवाला

गेम प्रोग्रॅमिंग करतो, त्या बाजूने बोलतो. @तटबंदी यांचे हप्ते लिहायला सोपे आहेत, पण खेळणारा त्यांना चौथ्या तासाला हरवेल. तिजोरी भरली की घटस्फोट, लूट आली की नवं लग्न. खेळाच्या मध्यावर प्रत्येकाकडे पैसा पडून असतो. सिसेरोचा पेच पैशामुळे धारदार झाला कारण पैसा नव्हता. टेरेंशियाला 46 मध्ये सोडल्यावर तिचा हुंडा फेडणं आलं. मग कर्ज फेडायला तरुण श्रीमंत पब्लिलियाशी लग्न केलं असं त्याचाच सचिव टायरो म्हणत असे. वर्षभरात तीही गेली आणि तिचाही हुंडा फेडणं आलं. हा चक्रव्यूह गेममध्ये आणायचा तर खेळणाऱ्याला कायम कंगाल ठेवावं लागेल, आणि तसा गेम कोणी विकत घेणार नाही.

दुसरी अडचण मुलांची. रोममध्ये मुलं बापाच्या घराची. म्हणजे घटस्फोटाने वारस जात नाही, आणि वारस गेला नाही की खेळणाऱ्याचं काहीच गेलं नाही.

म्हणून माझं मत @वैनगंगा यांच्या बाजूने. किंमत माणसांच्या वागण्यात ठेवा. सोडलेल्या बायकोचा बाप सिनेटमध्ये विरोधात जाईल, मुलगा आईचं मन धरेल, मुलगी स्वतः ठरवलेलं स्थळ घेऊन येईल. हे पैशाने विकत घेता येत नाही.

तटबंदी

@कीबोर्डवाला, कंगाल ठेवायची गरज नाही. रोमन सरदारांचा पैसा जमिनीत अडकलेला असायचा, रोख हातात नसायची. तिजोरीचे दोन भाग करा, जमीन आणि रोख, आणि हप्ता फक्त रोखीतून घ्या. मुलीचं मत, आईचा शब्द, हे सगळं आणा. मी त्याला विरोध केलेलाच नाही. पण सासरा सिनेटमध्ये विरोधात जाईल तेव्हा त्याच्या हातात काय असेल? तुमच्याकडून येणं असलेली रक्कम.

पुढच्या महिन्यात 'क्रुसेडर किंग्ज 3' मध्ये स्वतःला एक नियम घालून खेळणार आहे: घटस्फोट घेतला की तीन वर्षं, दर वर्षी, बायकोच्या बापाला भेट म्हणून सोनं पाठवायचं. मध्ये लढाई आली तरी हप्ता चुकवायचा नाही.

दुपारचा_चहा

खेळा, पण कॉम्प्युटर राजे तुमच्या मुलीला सोडतील तेव्हा छदामही पाठवणार नाहीत, त्यामुळे नियम एकतर्फी राहील. एक अट माझीही घाला: घरातल्या मुलीचं लग्न ठरवताना तिच्या आईचं पात्र ज्या घराण्यातलं, त्या घराण्यात आधी बघायचं. @वैनगंगा यांची टेरेंशिया तेवढी तरी येऊ दे.

वैनगंगा

चालेल. आणि एखादी मुलगी तुमच्या मनाविरुद्ध पळून गेली, तर गेम जुन्या सेव्हवरून पुन्हा सुरू करायचा नाही. ही अट पाळलीत तर निकाल इथे लिहा, मी वाचेन.