सबवूफरसाठी लांब पॉवर कॉर्ड: काय बघून घ्यावी?

कोपऱ्यातला_बास
सबवूफर (बास, म्हणजे खालच्या सुरांचा स्पीकर) टीव्हीशेजारून काढून सोफ्यामागच्या कोपऱ्यात ठेवायचा आहे. सोबतची कॉर्ड दीड मीटरची, आणि भिंतीच्या कडेकडेने मोजलं तर बोर्ड चार मीटरवर. मागच्या पत्र्यावर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, २५० वॅट छापलंय. कॉर्ड सुटी निघते, आत तीन चपट्या पिना आहेत. एक दुकानदार म्हणतो, साधी लांब वायर लावली तर बास पडेल, जाड 'ऑडिओ ग्रेड'च घ्या. दुसऱ्याने कॉम्प्युटरची कॉर्ड पुढे केली. कुणाचं ऐकू?

तांब्याची_तार
दुसऱ्याचं. तीन चपट्या पिनांचं ते सॉकेट म्हणजे सी१४, आणि त्यात बसणारी कॉर्ड सी१३. मॉनिटर, डेस्कटॉप, प्रिंटर सगळीकडे तीच असते, १० अँपिअरची.

बास पडण्याचं गणित करून बघा. २५० वॅट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे साधारण १.१ अँपिअर. ०.७५ स्क्वेअर एमएम तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे २६ ओहम. ५ मीटर कॉर्ड म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तार, रोध ०.२६ ओहम. व्होल्टेज घटणार ०.३ व्होल्टच्या आसपास. जोरदार धमाक्याला क्षणभर ३ अँपिअर खेचले तरी ०.८ व्होल्ट. घरातलं व्होल्टेज दिवसभरात याच्या कितीतरी पट खाली-वर होतं. मनाच्या समाधानासाठी १ स्क्वेअर एमएम घ्या, १.५ घेतली तर कॉर्ड ताठ होते, आणि तिच्या ताणाने सबवूफरमागचा प्लग उलट ढिला होतो.

५ मीटरचीच घ्या. चारात ताण येईल. सबवूफर पुढे ओढून मागचे नॉब फिरवता यावेत म्हणून अर्धा-पाऊण मीटर मोकळी हवीच. उरलेली वायर घट्ट गुंडाळून बांधू नका, सैल वळणात ठेवा.

मल्टिमीटर
लांबीपेक्षा फसवणूक तांब्यात होते. कॉर्डच्या अंगावर '३ x ०.७५' किंवा '३ x १.०' आणि आयएसआयची खूण छापलेली हवी. काहीच छापलेलं नसेल तर परत ठेवा. स्वस्तातल्या कॉर्डमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं: बाहेरून लाल, ब्लेडने खरवडलं की आतून पांढरं. (उलट, बाहेरून चंदेरी आणि आतून लाल असेल तर ते कल्हई केलेलं अस्सल तांबं.) काहींत लोखंडी तार असते, वायरला लोहचुंबक चिकटला की कळतं.

घरी आणल्यावर बोर्डात घालण्याआधी मल्टिमीटर बझरवर ठेवा (तार सलग जोडलेली असेल तर तो वाजतो). एक टोक थ्री-पिन टॉपच्या जाड पिनेला, दुसरं सी१३च्या मधल्या छिद्राला. वाजलं नाही तर अर्थिंगची तार आतून जोडलेलीच नाही. ती कॉर्ड वापरू नका.

शेवटी सी१३ सबवूफरमध्ये पूर्ण आत बसतोय का, हे हलवून बघा. सबवूफर सतत थरथरतो, त्यामुळे ढिला प्लग हळूहळू बाहेर सरकतो, ठिणग्या पडतात आणि प्लास्टिक तपकिरी होतं.

कोपऱ्यातला_बास
धन्यवाद. सोफ्याजवळही एक बोर्ड आहे. तिथूनच घेतलं तर जुनी कॉर्डही पुरेल. काही तोटा?

तांब्याची_तार
गुणगुण येण्याची शक्यता वाढते. ॲम्प्लिफायर एका बोर्डावर आणि सबवूफर दुसऱ्यावर असला की अर्थिंगच्या दोन वाटा होतात. आरसीए केबलचं (ॲम्प्लिफायरकडून सबवूफरला आवाजाचा सिग्नल नेणारी वायर) शील्ड, म्हणजे बाहेरची जाळी, त्यांना जोडतं, मोठं वेटोळं तयार होतं आणि ५० हर्ट्झचा 'हंऽऽऽ' सुरू होतो. लांब कॉर्ड घेण्याचं खरं कारण हेच: दोघांना एकाच बोर्डावरून वीज द्यायची.

तरीही गुणगुण आली तर सबवूफरकडची आरसीए काढा. आवाज तसाच राहिला तर दोष सबवूफरच्या आत आहे. थांबला तर आरसीए परत लावून डिश किंवा केबल टीव्हीची गोल वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. बरेचदा चोर तीच असते, तिच्यासाठी आयसोलेटर (अर्थिंगची ती वाट तोडणारा छोटा जोड) मिळतो. आरसीए आणि पॉवर कॉर्ड एकत्र बांधू नका. वीतभर अंतर ठेवा, जिथे ओलांडाव्या लागतील तिथे काटकोनात.

अर्थिंगची पिन मात्र कुणी कितीही सांगितलं तरी काढू नका. गुणगुण थांबते खरी, पण आत फेज पत्र्याला लागला तर तो पत्रा हात लावणाऱ्याची वाट बघत राहतो.

दोन_पिना
ज्यांच्या सबवूफरला इंग्रजी आठसारखं सॉकेट आहे, त्यांच्यासाठी: ते सी८, आणि त्यात बसणारी कॉर्ड सी७, २.५ अँपिअरची. त्याला अर्थिंग नसतं. मिळणाऱ्या लांब कॉर्डना बरेचदा ४ एमएमच्या बारीक पिना असतात, त्या आपल्या बोर्डात सैल बसतात. कॉर्ड छोटीच ठेवून १ स्क्वेअर एमएमच्या वायरचा, घट्ट पकडीचा एक्स्टेंशन बोर्ड घ्या. अमेरिकेहून आणलेला सबवूफर असेल तर कॉर्ड बदलण्याआधी मागचा ११५/२३० खटका बघा. खटका नसेल आणि नुसतं १२० छापलं असेल, तर इथल्या बोर्डात थेट घालूच नका.