हॅरी डीन स्टँटन : गळा असलेला नट इतकी वर्षे दुय्यम भूमिकांत का राहिला?

प्रश्न : धानाची बांदी

नमस्कार. मी वडशाच्या बाजूच्या एका गावात शेती करतो आणि दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की होळीपर्यंत पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या एका नाट्य कंपनीत ऑर्गनवर बसतो. आमच्या कंपनीत एक तरुण नट आहे. त्याचा गळा उत्तम आहे आणि लयीची समज माझ्याहून पक्की आहे. तरीही त्याच्या वाट्याला सतत नोकर, वाटसरू, गावातला वेडा अशा दोन-तीन प्रवेशांच्याच भूमिका येतात, आणि त्याच्या पदाला वन्समोअर मिळाला तरी पुढच्या गावच्या पोस्टरवर त्याचे छायाचित्र कोपऱ्यातच राहते. हंगाम संपल्यावर हे सगळे सोडून पुण्याला नोकरी धरावी, असे त्याने मनात घेतले आहे.

या मुलाच्या निमित्ताने मला हॅरी डीन स्टँटन या अमेरिकन नटाविषयी विचारायचे आहे. ‘पॅरिस, टेक्सास’ या चित्रपटात मी त्याला प्रथम पाहिले आणि त्याच्या बोलण्याची लय कानात बसली. नंतर वाचनात आले की हा मनुष्य आधी गात होता. त्याचे गाणे नेमके कुठून आले, ते त्याच्या अभिनयात कुठे दिसते, आणि गळा व नजर दोन्ही असताना प्रमुख भूमिकेसाठी त्याला वयाच्या ५८व्या वर्षापर्यंत का थांबावे लागले, हे मला समजून घ्यायचे आहे. केवळ चित्रपटांची यादी नको, ती कुठेही मिळते. संगीताच्या अंगाने कोणी सांगितले तर फार बरे होईल.

प्रतिसाद १ : वैनगंगाकाठ

बांदीभाऊ, गाण्यापासूनच सुरुवात करतो.

स्टँटन यांचा जन्म १४ जुलै १९२६ रोजी केंटकी राज्यातल्या वेस्ट आयर्विन या लहान गावी झाला. वडील तंबाखूची शेती करीत आणि न्हाव्याचेही काम करीत. केंटकीचा तो डोंगराळ भाग लोकगीतांचा आणि चर्चमधल्या भजनांचा आहे, आणि तिथली गाणी त्यांच्या गळ्यात शेवटपर्यंत राहिली. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेच्या नौदलात होते आणि ओकिनावाच्या लढाईच्या वेळी रणगाडे उतरवणाऱ्या एका जहाजावर स्वयंपाकी होते. परत आल्यावर त्यांनी केंटकी विद्यापीठात पत्रकारिता आणि रेडिओ हे विषय घेतले, तिथेच नाटकात काम केले, आणि शिक्षण अर्धवट ठेवून कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना प्लेहाउस या नाट्यसंस्थेत गेले. चित्रपटांत स्थिरावण्याआधी पुरुषांच्या एका गायनवृंदाबरोबर त्यांनी गावोगाव दौरेही केले. वृंदात गाणाऱ्याला एक शिस्त आपोआप लागते, ती म्हणजे आपला आवाज इतरांच्या आवाजाच्या वर न नेण्याची. मला त्यांच्या पुढच्या साऱ्या अभिनयात ही शिस्त दिसते.

आता पडद्याकडे येऊ. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी दूरचित्रवाणीवरच्या घोडेस्वारांच्या मालिकांत असंख्य लहान भूमिका केल्या, आणि त्यांत बहुतेक वेळा ते गुंड किंवा फरारी असत. श्रेयनामावलीत तर त्यांचे पूर्ण नावही नसे. हॅरी स्टँटन नावाचा दुसरा एक नट असल्यामुळे अनेक वर्षे ते नुसते ‘डीन स्टँटन’ म्हणून झळकले. १९६७ साली ‘कूल हँड ल्यूक’ आला. त्यातल्या कैद्यांच्या गर्दीत ते एक कैदी आहेत, संवाद थोडे आहेत, पण हाती गिटार घेऊन ते भजन गातात आणि त्या तुरुंगाच्या वातावरणाला जे कारुण्य येते ते पानभर संवादांनी आले नसते. दिग्दर्शकाने येथे गाण्याचा उपयोग करमणुकीसाठी केलेला नाही, एका नावही लक्षात न राहणाऱ्या माणसाला त्याने भूतकाळ दिला आहे.

तुम्ही वादक आहात म्हणून एक उदाहरण सविस्तर देतो. १९७९च्या ‘एलियन’मध्ये ते अंतराळयानातले ब्रेट नावाचे यंत्रकामगार आहेत. सात जणांच्या ताफ्यात सर्वांत कमी बोलणारा हाच, आणि सोबती काहीही बोलला की हा ‘राइट’ एवढाच शब्द उच्चारतो. हे इतक्या वेळा होते की नायिकाही त्यावरून टोमणा मारते. तो एकच शब्द ते प्रत्येक वेळी वेगळ्या अंतरावर ठेवतात. कधी समोरच्याचे वाक्य संपण्याआधी, कधी संपल्यावर किंचित थांबून. तबलजी समेवर येण्यापूर्वी जी सूक्ष्म ओढ घेतो, तीच येथे आहे. गाणे न गाता गायक कसा ओळखावा, याचे उत्तर मी तरी या भूमिकेत शोधेन.

‘पॅरिस, टेक्सास’ (१९८४) तुम्ही पाहिलाच आहे. विम वेंडर्स यांचे दिग्दर्शन, सॅम शेपर्ड यांचे लेखन, राय कूडर यांचे संगीत, आणि कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, हे सर्व खरे. परंतु संगीताच्या अंगाने दोन गोष्टी पुन्हा ऐकाव्यात. पहिली अशी की वाळवंटातून चालत आलेला ट्रॅव्हिस, म्हणजे स्टँटन यांचे पात्र, सुरुवातीचा बराच काळ एक शब्दही बोलत नाही, आणि त्या रिकाम्या जागेत कूडर यांची गिटार वाजते. नट आणि वाद्य यांची ही सवाल-जवाबाची मांडणी आहे. दुसरी गोष्ट शेवटाकडच्या काचेच्या खोलीतली. पलीकडे बसलेल्या पत्नीला तो दिसत नाही, तो तिच्याकडे पाठ करून बसतो आणि फोनवर दोघांची कहाणी तिऱ्हाइताची असावी तशी सांगत जातो. हा प्रवेश एकदा डोळे मिटून ऐका. आवाज कुठेही चढत नाही, वाक्ये जवळजवळ एकाच पट्टीत जातात, आणि विलंबित लयीतून ती बाहेर पडू नये यासाठी किती संयम लागला असेल, हे भाषा नीट कळली नाही तरी कळते. याच चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेत ‘कान्सियोन मिक्स्तेका’ हे गावाच्या ओढीचे मेक्सिकन गाणे त्यांनी स्वतः स्पॅनिशमध्ये गायले आहे.

प्रतिसाद २ : कोरडवाहू

वैनगंगाकाठ यांचे विवेचन सुंदर आहे, पण थोडे भाबडे आहे, असे मला नम्रपणे नोंदवावेसे वाटते. गळा असला की अभिनय येतो, असा ग्रह त्यातून होऊ नये. स्टँटन यांची कारकीर्द टिकली त्याला संगीताइतकीच इतरही कारणे आहेत.

पहिले कारण साधे आहे. त्या काळी दूरचित्रवाणीच्या मालिकांना दर आठवड्याला नवे चेहरे लागत, आणि ज्याचा चेहरा एकदा पाहिला की विसरत नाही पण नायकावर मात करत नाही, अशा नटाला काम मिळत राही. दुसरे कारण मैत्री. १९६०च्या दशकात नट जॅक निकल्सन आणि स्टँटन एकाच घरात राहत होते, आणि १९६२ साली निकल्सन यांच्या लग्नात स्टँटन त्यांच्या बाजूला उभे होते. पुढे निकल्सन यांनी लिहिलेल्या ‘राइड इन द व्हर्लविंड’मध्ये त्यांना भूमिका मिळाली, तेव्हा मित्राने सल्ला दिला की काहीही करू नकोस, पोशाखालाच पात्र उभे करू दे आणि तू फक्त तू राहा. स्टँटन यांनी हा सल्ला पुढे अनेकदा सांगितला आहे. म्हणजे जी ‘विलंबित लय’ आपण गायनवृंदाच्या खाती जमा करीत आहोत, तिचा काही वाटा या सल्ल्याचाही आहे. दिग्दर्शक सॅम पेकिंपा यांच्या ‘पॅट गॅरेट अँड बिली द किड’मध्ये (१९७३) गायक बॉब डिलन यांच्याशी झालेली ओळख हीसुद्धा अशीच जुळून आलेली गोष्ट.

दुय्यम भूमिका म्हणजे अपयश, हे गृहीतकच मला मान्य नाही. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी गमतीने एक नियम केला होता की हॅरी डीन स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श यांपैकी कोणीही दुय्यम भूमिकेत असेल तर तो चित्रपट सर्वस्वी वाईट असू शकत नाही. पुढे त्यांना याला अपवाद सापडले, हे त्यांनीच मान्य केले. तरी ज्याच्या नावाने नियम होतो तो नट वाट पाहत बसला होता, असे कसे म्हणावे? ऑस्करचे साधे नामांकनही त्यांना कधी मिळाले नाही, हे मात्र खरे आहे, आणि ते मला आजही खटकते.

प्रतिसाद ३ : निवृत्त शिक्षिका, भंडारा जिल्हा

दोघांचेही म्हणणे वाचले. कोरडवाहूभाऊंचा मैत्रीचा मुद्दा योग्य आहे, पण मैत्रीमुळे दार उघडते. त्यानंतर साठ वर्षे काम मिळत राहणे मैत्रीने होत नाही.

मला ‘द स्ट्रेट स्टोरी’विषयी (१९९९) लिहायचे आहे, कारण आपल्या खेड्यातल्या माणसांना तो चित्रपट समजावून सांगावा लागत नाही. आयोवा राज्यातला एक म्हातारा, ज्याला मोटार चालवण्याचा परवाना नाही, आजारी भावाला भेटायला गवत कापायच्या यंत्रावर बसून विस्कॉन्सिनपर्यंत सुमारे २४० मैल जातो. दोघा भावांत वर्षानुवर्षे अबोला आहे. संपूर्ण चित्रपट रिचर्ड फार्न्सवर्थ यांचा आहे आणि स्टँटन तो भाऊ म्हणून केवळ शेवटच्या प्रवेशात, काही मिनिटांसाठी येतात. अंगणात उभ्या असलेल्या त्या यंत्राकडे ते पाहतात, एवढ्या लांबून याच्यावर बसून आलास का, अशा अर्थाचे एक वाक्य विचारतात, आणि डोळे भरून येतात. बांधावरून भांडलेले भाऊ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या प्रवेशात काय आहे ते सांगायला नको. दोन तास ज्याची वाट पाहायला लावली तो माणूस पडद्यावर आल्यावर खोटा वाटला असता, तर चित्रपट कोसळला असता. आणि ही जबाबदारी दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांनी काही मिनिटांच्या भूमिकेतल्या नटावर टाकली.

आपल्याकडेही पाहा. झाडीपट्टीत विनोदी भूमिकांसाठी ओळखले जाणारे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पोस्टरवरचा मोठा फोटो कोणाचा, याचा आणि या सन्मानाचा काही संबंध नव्हता.

प्रतिसाद ४ : धानाची बांदी

सर्वांचे आभार. ताई, तुम्ही सांगितलेला चित्रपट पाहीन. ‘एलियन’ पुन्हा पाहिला, आणि ‘राइट’ची जागा खरोखर मोजून ठेवलेली आहे.

माझी एक अडचण मात्र राहिली आहे. स्टँटन यांचे सगळे काम कॅमेऱ्यापुढचे. तिथे पापणी हलली तरी दिसते. आमच्याकडे शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, गावात मांडव पडतो, मागच्या रांगेतला माणूस घोंगडी पांघरून बसलेला असतो, नाटक पहाटेपर्यंत चालते, आणि तिथपर्यंत चेहरा पोचतच नाही. मग या मुलाने स्टँटन यांच्याकडून नेमके काय घ्यावे?

प्रतिसाद ५ : वैनगंगाकाठ

बांदीभाऊ, तुमची शंका रास्त आहे आणि तिच्यामुळे माझे आधीचे म्हणणे थोडे नेमके करता येईल. चेहरा पोचत नाही, पण आवाज पोचतो. म्हणून या मुलाने स्टँटन यांच्या चेहऱ्याचा अभ्यास करू नये, त्यांच्या बोलण्याचा करावा. पद संपल्यावर आपले नट बहुधा वन्समोअरची वाट पाहत उभे राहतात आणि नंतर गद्य संवाद अगदी वेगळ्याच, चढ्या आवाजात सुरू करतात. गाणारा एक आणि बोलणारा दुसरा, असे प्रेक्षकाला जाणवते. स्टँटन यांच्यात हा सांधा दिसत नाही. २०१७ साली आलेल्या ‘ट्विन पीक्स’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या नव्या पर्वात ते गिटार घेऊन ‘रेड रिव्हर व्हॅली’ हे जुने लोकगीत गातात, तेव्हा ते ज्या आवाजात बोलत आले आहेत त्याच आवाजात गातात. नव्वदीतला थकवा लपवण्याचा कसलाही प्रयत्न त्यात नाही.

याच वर्षीचा ‘लकी’ तर या मुलाला अवश्य दाखवा. दिग्दर्शक जॉन कॅरल लिंच हे स्वतः दुय्यम भूमिका करणारे नट आहेत, आणि नव्वदीतल्या स्टँटन यांना केंद्रस्थानी ठेवून त्यांनी हा चित्रपट केला; त्यातला लकीसुद्धा नौदलात स्वयंपाकी होता. एका लहान मुलाच्या वाढदिवसाला, ओळखीच्या दुकानदार बाईच्या मेक्सिकन कुटुंबात बसलेला हा म्हातारा अचानक ‘वोल्वेर, वोल्वेर’ हे त्यांचे गाणे म्हणू लागतो. सुरुवात जवळजवळ बोलल्यासारखी आहे, मग वादक हळूहळू साथ धरतात. साथीदार म्हणून तुम्ही तो प्रवेश पाहाच: वादक त्याच्या मागून जातात, त्याला ओढत नाहीत. स्टँटन १५ सप्टेंबर २०१७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये वारले आणि चित्रपट त्यानंतर दोन आठवड्यांनी तिथल्या चित्रपटगृहांत लागला.

प्रतिसाद ६ : कोरडवाहू

‘लकी’विषयी पूर्ण सहमत. वर ज्याचा उल्लेख राहिला तो माहितीपटही पाहावा: सोफी ह्यूबर यांचा ‘हॅरी डीन स्टँटन: पार्टली फिक्शन’ (२०१२). त्यात ते स्वतःविषयी अत्यंत कमी बोलतात आणि प्रश्न टाळण्यासाठी बहुधा गातात.

पुण्याच्या नोकरीबाबत मात्र एक रोखठोक मत देतो. स्टँटन यांनी लग्न केले नाही, त्यांच्यावर घरची जबाबदारी आपल्याकडच्या मुलांसारखी नव्हती, आणि त्यांच्या शहरात काम बारा महिने चालत असे. तुमच्या नटाचा हंगाम दिवाळी ते होळी. त्यामुळे त्याने नोकरी धरली तर त्याला कोणी दोष देऊ नये. मात्र त्याआधी कंपनीच्या मालकाशी एकदा बोलून पाहा की येत्या नाटकात त्याला पद नसलेली, पण पाच-सहा प्रवेशांची भूमिका देता येईल का. गाण्याशिवाय तो किती टिकतो, हे त्याला आणि तुम्हालाही त्यातूनच कळेल, आणि पुढचा निर्णय त्याला घेता येईल.