इंद्रायणी जातीचा भात आडवा पडतो. श्री पद्धत घ्यावी की चारसूत्री?

नमस्कार मंडळी,

आमचं वावर नवापूर तालुक्यात, गुजरातच्या हद्दीजवळ. बाकी खान्देश कापूस-केळीचा, पण आमच्याकडे पाऊस भरपूर, म्हणून आजोबांपासून भातच. 2 एकर, सहा खाचरं, उतारावर एकाखाली एक.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये पीक पिवळसर दिसलं म्हणून मी दोनदा युरिया फेकला. पीक हिरवंकंच झालं. ऑक्टोबरात लोंब्या भरल्या आणि परतीच्या पावसात खालची तीन खाचरं सपाट झोपली. चार दिवस विळा लावता आला नाही. लोंबी उचलून पाहिली तर दाण्यांना पांढरे मोड आलेले. आई ते भात झोडताना एक शब्द बोलली नाही. मला तेच जास्त लागलं.

युरिया जास्त झाल्यानंच पीक लोळलं, म्हणून यंदा खत कमी करून उतारा वाढवायचा आहे. श्री पद्धतीची माहिती काढली: 8 ते 12 दिवसांचं रोप, एका जागी एकच काडी, 25 बाय 25 सेंमी अंतर, पाणी साचू न देता नुसती ओल, कोनोवीडरने (हातानं ढकलायचं तण काढण्याचं अवजार) कोळपणी. एकरी 2 किलो बियाणं पुरतं. बाबा म्हणतात, "दोन पानांचं रोप जुलैच्या पावसात तग धरेल का?" मला त्यांचं पटतं, कारण वरच्या शेताचं पाणी आमच्याच खाचरांतून खाली उतरतं. काढायचं म्हटलं तरी निघत नाही.

म्हणून चारसूत्रीकडे (भाताच्या तुसाची राख, गिरिपुष्पाचा पाला, ठरावीक अंतरावर लावणी आणि खताच्या गोळ्या) वळावं का? तुंबलेल्या खाचरात युरिया-डीएपीच्या गोळ्या चालतात का? एकरी किती लागतात? जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रोप टाकायचं आहे, कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद, साक्रीकर:
ताई, बाबांचं बरोबर आहे. पाणी हातात नसेल तिथे श्री करू नका. सगळ्यात वरच्या एका खाचरात करून बघा, बाकी चारसूत्री. गोळी पाण्यात चालतेच. फेकलेला युरिया पाण्याबरोबर वाहतो, हवेत उडतो. गोळी 7 ते 10 सेंमी चिखलात दाबली की नत्र तिथेच राहतं आणि मुळांना हळूहळू मिळतं. वरून पुन्हा युरिया मात्र टाकायचा नाही, पीक कितीही पिवळं वाटलं तरी.

अंतर आळीपाळीनं 15 आणि 25 सेंमी, उभं-आडवं दोन्ही बाजूंनी. जागेवर 2-3 रोपं. चार चुडांच्या (चूड म्हणजे एका जागी लावलेली रोपं) लहान चौकोनात मधोमध एक गोळी, लावणीच्याच दिवशी. गोळी 2.7 ग्रॅमची, एकरी 25,000, म्हणजे साधारण 68 किलो. तुम्ही दोन वेळा किती फेकलं ते आठवून बघा.

लोळण्याचं म्हणाल तर रोपांच्या गादीवाफ्यात भाताच्या तुसाची राख मिसळा, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. राखेत सिलिका असते, त्यानं रोप कणखर होतं आणि करपा रोग, खोडकिडा कमी येतो. लावणीआधी आठवडाभर गिरिपुष्पाचा पाला एकरी 12 क्विंटल पसरा. पानं गळली की काड्या वेचून घ्या आणि मग चिखलणी करा, नाहीतर लावणी करणाऱ्यांच्या पायात घुसतात.

धागाकर्ती:
दादा, खूप आभार. गिरिपुष्प बांधावर आहे, आजवर नुसतं कुंपण समजत होतो. एक अडचण उरली. लावणीला येणाऱ्या बायका सरळ रेषेत लावत नाहीत, हात चालेल तशी लावतात. अंतर कसं सांभाळू?

प्रतिसाद, भातवाली मावशी:
पोरी, बायकांना बोलू नको, दोरी दे. नायलॉनच्या दोरीवर 15 आणि 25 सेंमीवर आळीपाळीनं लाल चिंधी बांध. दोघी दोन टोकं धरतील, बाकीच्या चिंधीपाशी चूड टोचतील. पहिला दिवस फार हळू जातो, त्या दिवसाची मजुरी कापू नको. आणि बी टाकण्याआधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओत. तरंगेल ते पळींज, म्हणजे पोकळ दाणे, काढून टाक. खाली बसेल ते दोनदा साध्या पाण्यानं धू आणि सावलीत वाळव.

धागाकर्ती:
मावशी, दोरी आजच आणते. बाबांना सगळं वाचून दाखवलं. वरचं एक खाचर श्रीसाठी द्यायला तयार झालेत, पण त्यांच्या अटीवर: शेजारच्या खाचरात ते जुन्या पद्धतीनं लावणार आणि कापणीला दोन्हीचं वजन एकाच काट्यावर करायचं.