बोरमाळेच्या पोटातली लाख

दागिन्यांच्या या चर्चेत वर कुणीतरी विचारलंय की हाताने घडवलेल्या दागिन्याच्या डिझाइनला खरंच काही अर्थ असतो, की विकणारे नंतर चिकटवतात? दोन्ही होतं. पण आमच्या सोलापूरकडे बघा. मंगळवेढ्याची ज्वारी प्रसिद्ध, २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं, आणि गळ्यात काय? जोंधळी पोत! ज्वारीच्या दाण्यांएवढे सोन्याचे बारीक मणी. पिकाचा दाणा अंगावर घालायचा, ही कल्पना कुठल्या कारखान्यात सुचलेली नाही.

बोरमाळेचं तर मला फार कौतुक. मणी बोरासारखे, वर सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख, म्हणजे झाडावरच्या किड्यापासून मिळणारा राळेसारखा पदार्थ. म्हणून एवढी मोठी दिसणारी माळ कमी सोन्यात होते. आणि गंमत म्हणजे लाखेचा किडा पळस, कुसुम यांच्याबरोबर बोरीच्या झाडावरही वाढतो. म्हणजे बोराचाच आकार, आणि पोटात कदाचित बोरीवरचीच लाख! (हा योगायोग असेल, पण मला आवडतो.)

वापरणाऱ्यांसाठी एक सांगते. लाख उष्णतेने मऊ होते. मी आईची माळ हौसेने गरम पाण्यात धुतली आणि दोन मणी चेपले. सोनारकाका हसले, "ताई, ही काय स्टीलची वाटी आहे का?" तेव्हापासून फक्त कोरडं मऊ कापड.

संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांवर इथे कुणीच लिहिलं नाही, याचं नवल वाटलं. साखर, तीळ आणि दोरा एवढ्यावर उभा राहणारा दागिना दुसरा कुठला?