फर्नेस पेटतेय आणि ५ सेकंदात विझतेय, फिल्टर तर आत्ताच बदललाय

थंडीने_हैराण:
काल रात्रीपासून डोकं उठलंय. घर गरम ठेवणारी गॅसची फर्नेस आहे, थर्मोस्टॅट वाढवला की आधी आतला छोटा पंखा घूं करत सुरू होतो, मग काहीतरी लालबुंद होतं, भक्कन ज्योत येते, जरा हायसं वाटतं आणि मनात ५ मोजेपर्यंत खट्टकन विझते. असं ३-४ वेळा करते मग गप्प, तासाभराने परत तोच तमाशा. फिल्टर गेल्याच आठवड्यात बदललाय, तोही चांगला भारीतला, बारीक जाळीचा. थर्मोस्टॅटचे सेलपण नवीन टाकले. मेकॅनिक फोनवरच म्हणाला फर्नेस चालवणारा कंट्रोल बोर्ड गेलाय, बदलायला लागेल. न बघताच?? घरच्या घरी काय बघता येईल, आणि कशाला अजिबात हात लावू नये तेही सांगा.

पाना_पक्कड:
दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला, बोर्डाचं राहू द्या आधी. तुम्ही क्रम लिहिलाय त्यातच अर्धं उत्तर आहे. छोटा पंखा फिरला म्हणजे धूर बाहेर ओढणारी मोटर ठीक, नंतर इग्नायटर (गॅस पेटवणारा भाग) लाल झाला म्हणजे प्रेशर स्विचपण (धूर नीट ओढला जातोय का ते बघणारा) लागला, ज्योत आली म्हणजे गॅस व्हॉल्व्ह उघडला. पुढे विझतेय कारण बोर्डाला ज्योत लागल्याचं कळतच नाहीये, आणि न जळलेला गॅस घरात साठू नये म्हणून तो व्हॉल्व्ह बंद करतो. हे कळवायचं काम फ्लेम सेन्सरचं. बर्नरच्या टोकाला ज्योतीत बुडेल अशी एक बारीक धातूची काडी असते, ज्योतीतून तिच्यात अगदी किंचित करंट वाहतो, साधारण १ ते ६ मायक्रोअँपिअर. काडीवर पांढुरका थर चढला की तेवढाही वाहत नाही.
फर्नेसच्या झाकणातल्या छोट्या काचेतून बोर्डावरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते आधी लिहून घ्या (वीज घालवली की काही बोर्ड विसरतात), अर्थ झाकणाच्या आतल्या स्टिकरवर असतो. मग ब्रेकर पाडा, गॅसचा कॉक बंद करा, गार होऊ द्या. सेन्सर बहुतेक वेळा एकाच स्क्रूवर असतो, १/४ इंचाचा नट ड्रायव्हर लागेल. बारीक स्टील वूलने हलकेच घासा, कोरड्या फडक्याने पुसा, झालं. फक्त शेजारच्या इग्नायटरला बोट लावू नका, हाताचं तेल लागलं तर तो तापल्यावर तडकू शकतो, तसाही काचेसारखा नाजूक असतो.

सावध_बरा:
वरचं सगळं बरोबर पण गॅसचा वास येत असेल तर यातलं काहीही करायचं नाही, दिव्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही, सगळ्यांना घेऊन बाहेर आणि फोन बाहेरूनच. ज्योत निळी हवी, पिवळी लवलवती दिसली तर बंद करून जाणकाराला बोलवा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो त्यामुळे झोपायच्या खोल्यांपाशी त्याचा अलार्म पाहिजेच. आणि कुणी सांगेल की प्रेशर स्विचला वायर जोडून बायपास करा, ऐकू नका.

थंडीने_हैराण:
अहो चालली!! दिवा मोजला, स्टिकरवर ज्योत कळत नाही असंच लिहिलेलं. काडी काढली तर पांढरट राखाडी, पाटीच्या पेन्सिलीसारखी, दोन मिनिटं घासल्यावर चकचकीत झाली. आता पेटून राहते. पण नवीनच भानगड, १०-१२ मिनिटं मस्त चालते, मग ज्योत बंद आणि मोठा ब्लोअर (घरभर हवा फिरवणारा पंखा) मात्र गार हवा फेकत बसतो, थोड्या वेळाने परत पेटते. हाच सेन्सर परत का?

पाना_पक्कड:
नाही, सेन्सर असता तर ५ सेकंदातच कळलं असतं. हा लिमिट स्विच वाटतोय, आत उष्णता साठली की बर्नर तोडतो आणि गार करायला ब्लोअर चालू ठेवतो. हवा पुरेशी फिरत नाहीये. तो भारीतला फिल्टर १ इंचाच्या खाचेत बसवलाय का? फार बारीक जाळी म्हणजे ब्लोअरला नाकावर उशी दाबल्यासारखं होतं. साधा टाका, फिल्टरवरचा बाण फर्नेसकडे करून, आणि थंडीत दर महिन्याला उजेडासमोर धरून बघा, पलीकडचं दिसेना की बदला. घरात कुठे व्हेंट (खोलीत गरम हवा येण्याच्या जाळ्या) बंद करून ठेवलेत का तेही बघा.

थंडीने_हैराण:
हो, १ इंचीच 🙈 आणि वापरात नसलेल्या दोन खोल्यांचे व्हेंट मीच बंद केले होते, म्हटलं गॅस वाचेल. दोन्ही उघडले, साधा फिल्टर टाकला, तेव्हापासून मध्येच बंद पडलेली नाही. मेकॅनिकला फोन करून बोर्डाचं रद्द करतो आता.